रिलेतली तिसरी

शाळेत तिला सगळे पाणकोंबडी म्हणत आणि तलावावर पंडित. चेष्टा दोन्हीकडे सारखीच. पहाटे पोहायचं, ओल्या केसांनी वर्गात डुलक्या काढायच्या, संध्याकाळी तलावाच्या पायऱ्यांवर बसून गणितं सोडवायची. हव्या त्या कॉलेजला मार्कही लागत होते आणि पदकंही. "एक ना धड भाराभर चिंध्या," आई कुरकुरायची आणि डबे मात्र दोन्ही वेळचे भरून द्यायची.

ते डबे ती एकटीच खाई. वर्गातले विनोद तिला कळत नसत, कारण ते ती नसताना घडलेले असत. पोहणाऱ्या मुली सिनेमाला निघत तेव्हा हिची शिकवणी असे. सुख एकच होतं, रिलेचं. चौघींत हिची पाळी तिसरी. हिचा हात भिंतीला लागला की चौथीने उडी घ्यायची, म्हणून ही भिंतीकडे येताना चौथी वर वाकून उभी असे, डोळे हिच्यावर लावून. आपली कुणी वाट पाहतंय असं तिला दिवसभरात तेवढंच वाटे.

आणि नेमकी प्रवेशपरीक्षा अंतिम शर्यतीच्याच सकाळी आली. तिने परीक्षा निवडली. शहाणपणाचंच होतं ते. मग ती पोहण्याच्या सरांना सांगायला गेली. सर रागावतील, निदान थोडी मनधरणी तरी करतील, असं ती धरूनच चालली होती.

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "बरं झालं आधी सांगितलंस. तुझ्या जागी राखीवातल्या धाकटीला घेतो. तू नीट अभ्यास कर."

त्यांचं काहीच चुकलं नाही, आणि तेच तिला लागलं.

पेपर छान गेला. शेवटचं गणित सुटलं तसा तिने सवयीने बाकाच्या कडेला तळहात टेकवला आणि वर पाहिलं. वर पंखा फिरत होता.

तिथून ती तडक तलावावर गेली. रिले जिंकून झाली होती. चौघी टॉवेल गुंडाळून, पदकं घालून उभ्या होत्या. हिला बघताच चौथीचा चेहरा खुलला.

"बरी आलीस गं पंडित! कधीची वाट बघतोय, कुणी येतंय का म्हणून." तिने फोन पुढे केला. "आमचा चौघींचा फोटो काढ ना."

तिने काढला. धाकटी जरा कडेला जात होती, तिला आत सरकायला सांगितलं.