सूर्यावरचे तीन डाग

कूलाबिंडाच्या शर्यतीच्या मैदानावर अख्खं गाव एका पांढऱ्या चादरीकडे डोळे लावून उभं होतं. दुर्बिणीतून चादरीवर ताटाएवढा सूर्य पडला होता आणि त्यावर दोन काळे डाग.

“आज तिसरा!” प्रोफेसर वेल गरजले. “माझ्या तांब्याच्या यंत्राची लहर सूर्याला टोचते, डाग पडतो, ऊन मंदावतं! दहा डाग झाले की पाऊस! मर्व्ह, फिरव मूठ!”

मर्व्ह म्हणजे मीच. एवढा मान मिळतोय म्हणून चाळीस डिग्रीत लग्नातला कोट चढवून आलो होतो. प्रोफेसरांनी दुर्बीण काळ्या कापडाखाली घेतली, मी मूठ फिरवली. कापड निघालं. डाग तीन!

“गारवा जाणवतोय!” मी ओरडलो.

“कोट काढ, आणखी जाणवेल,” माझी बायको डॉट म्हणाली.

तिचा राग खरा होता. दुष्काळाचं तिसरं वर्ष, तळ्यात नुसता चिखल. आमच्या सहाशे मेंढ्या नदीकाठी न्यायला आलेले ट्रक मी सकाळीच परत पाठवले होते. पाऊस येणारच होता ना!

शाळेच्या ड्रिस्कॉलबाई पुढे आल्या. “प्रोफेसर, दोन मिनिटं दुर्बिणीला हात लावू नका. सूर्य चादरीवरून सरकेल. डाग त्याचे असतील तर तेही सरकतील.”

“बाई, विज्ञानात ढवळाढवळ नको!” मी दरडावलं. मी, चौथीत दोनदा नापास झालेला.

प्रोफेसरांचा हात पुढे झाला. डॉटने तो धरून ठेवला. सूर्य हळूहळू डावीकडे सरकला. डाग जागच्या जागी! सूर्य त्यांच्याखालून चक्क निसटला.

बाईंनी दुर्बिणीची मागची काच काढून रुमालाने पुसली. रुमालावर शाई.

“खरे डाग सूर्याच्या चुंबकीय खळबळीने पडतात,” बाई म्हणाल्या. “साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात, घटतात. शिवाय डागांच्या आसपासचा भाग जास्त उजळतो. त्यामुळे डाग भरपूर असतात तेव्हा सूर्याची ऊर्जा उलट वाढते, तीही हजारात जेमतेम एक भाग.”

“म्हणजे हा गाढव ऊन वाढवायला मूठ फिरवत होता?” डॉटने विचारलं. गाव खो खो हसलं. मी टेलिफोनकडे पळालो.

ट्रक चौथ्या दिवशी आले. तोवर एकतीस मेंढ्या मेल्या होत्या. सगळ्या मीच पुरल्या.

सूर्य आपल्या हुकमात आहे असं कुणी सांगितलं, तर टाळ्या वाजवण्याआधी ‘कसा, ते दाखव’ म्हणा. हसतील लोक, हसू द्या.