अर्धी डांबरी, अर्धी मातीची

"टेकडी चढता का साहेब?" पायाचे माप घेता घेता विक्रेत्याने विचारले.

"चढणार आहे," साहेब पोट सावरत म्हणाले. "तळाला खोल दाते असलेले दाखवा. दणकट दिसले पाहिजेत."

विक्रेत्याने तसले बूट त्यांच्या पायांत चढवले. हे बूट मोटारीपासून लिफ्टपर्यंत चालतील आणि तिथेच म्हातारे होतील, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. माणसांना पळायचे नसते. पळतो असे चारचौघांत सांगायचे असते. सव्वीस वर्षे तो त्यांच्या पायांशी बसत आला होता आणि तितकीच वर्षे मनातल्या मनात त्यांना नाक मुरडत आला होता. तेवढाच काय तो त्याचा ताठा.

साहेब गेले. त्यांच्या जागी एक वनरक्षक बाई येऊन टेकली. पोटऱ्या सुंभासारख्या वळलेल्या, टाचांना उन्हाळ्यातल्या वाटेसारख्या भेगा. पिशवीतला जुना जोड तिने त्याच्यापुढे आपटला.

"असले पुन्हा नकोत. आमच्या धावण्याच्या चाचणीची वाट अर्धी डांबरी, अर्धी मातीची, बारीक खडीची. मातीत हे बरे चालले. ओल्या डांबरावर वळताना सटकले. गुडघा फुटला, वेळ हुकली. आता सोमवारी शेवटची संधी. नाही जमलं तर जंगल सुटलं, जन्मभर टेबलामागं बसायचं."

त्याने बूट उलटा केला आणि फिसकन हसला. "एवढे खोल दाते डांबरावर? गोट्यांवर चालल्यासारखंच की. ज्यानं गळ्यात मारले, त्याला बूट कशाशी खातात ते तरी ठाऊक होतं का?"

"होता एक. वर मानसुद्धा केली नाही. वाट कुठली, तेही विचारलं नाही."

झीज बघायला त्याने सुकतळा उचलला. खाली पेन्सिलीने सात लिहिले होते. विक्री कुणाची ते मालकीणबाईंना कळावे म्हणून दुकानातला प्रत्येक जण तिथे आपापला आकडा टाकत असे. सात त्याचाच.

तेव्हा ही बाईही त्याच दिखाऊ जातीची, असे न बघताच ठरवून तो मोकळा झाला होता.

"बाई," तो म्हणाला, "तो मीच."

तिने त्याला नीट न्याहाळले. "मग आता तरी बघा की वर."

तो आत गेला आणि उथळ दात्यांचा, पसरट तळाचा जोड घेऊन आला.

गल्ल्यावरून मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, ते जुनं मॉडेल. नवे दाखवा ना, खोल दात्यांचे."

"यांच्या कामाचे नाहीत ते." त्याने बुटाचे टोक अंगठ्याने दाबून पाहिले. "पुढं बोटभर जागा आहे? टाच निसटतेय?"

"नाही. बसलेत."

"गालिच्यावर कुणालाही बसतात. बाहेर चला."

बाहेर फुटपाथ नुकताच धुतला होता आणि कोपऱ्यावर खडी पसरली होती. ती पळाली, ओल्या फरशीवरून वळली, खडीत शिरली, परत आली. मालकीणबाई आतून काचेवर टकटक करत होत्या. त्याने मागे वळून पाहिले नाही.

"अजून एकदा," तो म्हणाला. "वळणावर वेग कमी करू नका."

आणि स्वतः त्या ओल्या वळणावर जाऊन, दोन्ही हात पसरून उभा राहिला.