तिसऱ्या टेबलाचा लॉनी

“हनुवटी वर करा, चीफ. टाय तुमच्या गळ्यात बांधायचाय, माझ्या बोटांना नाही.”

“जरा सैल ठेव, पोरी. फासावर चाललोय का मी?”

“जेवायला चाललाय. पण सैल टाय दिसला की तुम्हीच आम्हाला दारातून माघारी पाठवायचात.”

रॉय गँट खूश होऊन हसला. शहाऐंशी वर्षांचा झाला होता, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पाय तर कधीच संपावर गेले होते. पण आपल्या कडकपणाचे किस्से कानावर पडले की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. वृद्धाश्रमाच्या त्या खोलीत नोरीन स्टॅब्लरने त्याची गाठ घट्ट केली, कॉलर दुमडली आणि कोटावरचा एक सुटा धागा दातांनी तोडला. कात्री पर्समध्ये होती, पण सवयीला कोण काय करणार.

नोरीन चौसष्ट वर्षांची. कॅल्डर गावात ती लग्नाचे झगे शिवायची. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुली तिच्या सुईखालून गेल्या होत्या, आणि त्यातल्या काही दुसऱ्या लग्नाच्या वेळी तोच झगा कमरेत वाढवून घ्यायला आल्या होत्या. त्याआधीची बावीस वर्षं तिने हवाई दलात काढली, गावाबाहेरच्या तळावर, पॅराशूटच्या घड्या घालण्यात. तिथे पॅराशूटला सगळे छत्रीच म्हणायचे, स्वतःला घडीवाले आणि खात्याच्या प्रमुखाला, म्हणजे रॉय गँटला, चीफ. विमानं उडवणाऱ्यांची नावं पेपरात येत. घडीवाल्याचं नाव कधी आलंच, तर छत्री उघडली नाही म्हणून.

दर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे सगळे जुने घडीवाले माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जमत. आधी गेलेल्यांची नावं वाचायची, मग जेवायचं. नोकरीत असताना गेलेले, आणि नंतर घरी, हॉस्पिटलात किंवा बाटलीपायी गेलेले, सगळे एकाच यादीत. एकोणतीस वर्षं ती यादी चीफने वाचली होती. या वर्षी डोळ्यांनी दगा दिला आणि त्याने जाहीर केलं, नोरीन वाचेल. बातमी कळली त्या दिवशी नोरीनने एका नवरीची बाही उलटी शिवली होती.

गाडीत बसल्यावर चीफने विचारलं, “किती झाली नावं?”

“चव्वेचाळीस.”

“आणि जेवायला किती?”

“एकतीस.”

“मेलेले जिंकताहेत,” चीफ म्हणाला, “पण मटण आपल्या वाट्याला जास्त येईल.”

ती हसली. या माणसाने तिला हसवलं नसतं तर ती त्या नोकरीत महिनाभरही टिकली नसती. त्या खात्यातली ती पहिली बाई. पोरांनी तिच्या शिलाई मशिनच्या पायाखाली मेलेला साप ठेवला होता. चीफने तो शेपटीला धरून उचलला आणि सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, ‘हा कोणाचा भाऊ?’ तिचे वडील लग्नाला आले नाहीत तेव्हा तिचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेलं ते यानेच.

धान्याच्या दुकानापाशी सिग्नल लाल झाला. चीफ समोर बघत, म्हणजे समोर उजेड दिसत होता तिकडे बघत, म्हणाला, “एक राहून गेलं होतं. पुढच्या वर्षी असेन नसेन. तुझे आभार मानायचे होते.”

“टायबद्दल?”

“लॉनीबद्दल.”

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. लॉनी पार्डोचं नाव त्यांच्यात कोणी घेत नसे. १९८४च्या मार्चमध्ये एक तरुण वैमानिक पेटलेल्या विमानातून बाहेर पडला आणि त्याची छत्री पिशवीतून निघालीच नाही. पिशवीत एक पिन सापडली. घडी घालताना पिशवीचं तोंड तात्पुरतं धरून ठेवायला दोन पिना लावतात आणि शेवटी काढतात. काढलेली पिन मोजायची, दाखवायची आणि आपल्या खिळ्यावर टांगायची. विसरू नये म्हणून तिला लांब फीत शिवलेली असते, घडीवाल्याची लाल, तपासनिसाची पिवळी. आगीत फीत जळून गेली होती, नुसतं लोखंड उरलं होतं. ती घडी तिसऱ्या टेबलावर लॉनीने घातली होती. ‘माझ्या दोन्ही पिना खिळ्यावर आहेत, जाऊन बघा,’ असं तो ओरडून सांगत होता. चौकशीवाले म्हणाले, मागाहून दुसरी आणून टांगली असेल. लॉनीला काढून टाकलं. पुढे तो लबक शहरात मोटारींच्या सीटा शिवायचा. सत्त्याण्णव साली गेला.

तिसऱ्या टेबलावर लॉनीच्या समोर उभी असायची ती नोरीन. त्या दिवशी ती दाढ काढायला गेली होती.

“लॉनीबद्दल माझे कसले आभार?” तिने विचारलं.

“गप्प राहिलीस त्याबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला नवी पिन दिली आणि म्हटलं, हिला फीत शिवून दे. तू शिवून दिलीस. एक शब्द विचारला नाहीस. पस्तीस वर्षं सांभाळलंस मला, पोरी. माझ्या सख्ख्या मुलींनी केलं नसतं.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. नोरीनने गाडी हळूच दुकानाच्या कडेला घेतली आणि बंद केली.

तिला ती सकाळ आठवली. जबडा सुजलेला, तोंडात कापूस. चीफने पिन पुढे केली आणि म्हणाला, जुनीची फीत विरली. हातभर पिवळी फीत, दुहेरी टाका, टोकाला गाठ. तपासनीस एकच होता, तो चीफ. पिवळ्या पिना फक्त त्याच्या होत्या. तिने नीट शिवली होती; वाकडा टाका तिला कधी जमलाच नाही.

“तुम्ही पिशवी परत उघडली होती,” ती म्हणाली.

“एक घडी मनाला पटेना. लॉनी जेवायला गेला होता. विमान खोळंबलं होतं, फोन वाजत होता, पिन आतच राहिली. तुला माहीत नसल्यासारखं काय विचारतेस?”

“मला माहीत नव्हतं.”

“असं कसं? फीत तूच शिवलीस. विरलेली असती तर मी जुनी पिन नसती का दिली? घडीवालीला एवढं कळत नाही होय?”

“मी तुमच्याकडे बघून शिवली, चीफ. फितीकडे बघून नाही.”

त्याची बोटं टायच्या गाठीशी चाळा करत होती.

“मला वाटलं, तू...” तो म्हणाला आणि थांबला. मग निराळ्याच आवाजात म्हणाला, “गाडी सुरू कर. उन्हात भाजतोय मी. आणि हे बघ, आज काही काढू नकोस. माझ्या दोन्ही मुली येणार आहेत, नातवंडं येणार आहेत. मेलेल्याला काय फरक पडतो? जगायचं मला आहे.”

“आजचा सगळा दिवसच मेलेल्यांचा आहे, चीफ,” नोरीन म्हणाली आणि गाडी सुरू केली.

हॉलमध्ये भाजलेल्या मांसाचा वास भरला होता. मंडळाचा अध्यक्ष हॉलिस ग्रीअर दारात प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवत होता. “चिठ्ठी कशाला रे?” क्लीटस बॉइडने त्याला विचारलं. क्लीटस पाचव्या टेबलाचा, अजूनही बैलासारखा धिप्पाड. “आपण चाळीस वर्षं ओळखतो एकमेकांना.”

“एकमेकांसाठी नाहीये ती,” हॉलिस म्हणाला. “स्वतःचं विसरलास तर खाली बघून वाच.”

चीफची चाकांची खुर्ची सगळ्यात पुढे नेली. मुलींनी त्याच्या गालाचे मुके घेतले. केकवर त्याचं नाव होतं. नोरीन यादी घेऊन उभी राहिली तेव्हा त्याने तिच्या दिशेने मान हलवली. चल, सुरू कर, अशी. जुन्या दिवसांसारखी.

वाचायची पद्धत त्यांची त्यांनीच पाडलेली होती. नाव पुकारलं की त्याच्या टेबलावर काम केलेल्याने उभं राहायचं आणि म्हणायचं, “माझ्या टेबलाचा.” मग सगळ्यांनी एकदम म्हणायचं, “बंद.” पिशवी पुरी झाली की कामावर हेच म्हणत, आणि ते म्हटल्याशिवाय पिशवीवरचा हात काढत नसत. इथेही तसंच, “बंद” ऐकल्याशिवाय उभं राहिलेल्याने बसायचं नाही. आणि ज्याला त्याच्या टेबलाने नाकारलं त्याचं नाव यादीत घ्यायचं नाही. लॉनी गेला त्या वर्षी हॉलिसने नोरीनला विचारलं होतं, आणि तिने मान हलवली होती. एवढंच. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

ॲबट. बेकर. कॅसिडी. नावं जात होती, म्हातारे गुडघे दाबत उठत होते, “बंद” ऐकून बसत होते. चीफ प्रत्येक “बंद” सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणत होता. ओवेन्स झाला. पुढे कागदावर क्विन होता.

“लॉनी पार्डो,” नोरीन म्हणाली.

कुठेतरी चमचा पडला. तिने कागद टेबलावर ठेवला, वळसा घालून आपल्या खुर्चीपाशी गेली आणि तिच्यामागे ताठ उभी राहिली.

“माझ्या टेबलाचा.”

“नोरीन,” हॉलिस हलक्या आवाजात म्हणाला, “हे ठरलेलं आहे ना आपलं?”

“मी ठरवलं होतं. चुकीचं ठरवलं. ती पिन त्याची नव्हती.”

“मग कोणाची?”

तिने चीफकडे पाहिलं. सगळ्यांनीच तिची नजर जाते तिकडे पाहिलं. तिने वाट पाहिली. अजूनही तिला वाटत होतं की हा माणूस खाकरेल, टाय सारखा करेल आणि बोलेल. साप शेपटीला धरून उचलणारा माणूस होता तो.

“दमलीय ती,” चीफ म्हणाला. आवाज प्रेमळ होता, तिच्या लग्नात होता तितकाच. “सकाळपासून माझी उस्तवार करतेय. वयही झालं आता बिचारीचं. बसवा रे कोणीतरी तिला.”

गाडीत तिच्या आत काही फाटलं नव्हतं, असं तिला वाटलं. फाटलं ते आत्ता.

“अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी,” नोरीन म्हणाली, “मी एका कोऱ्या पिनेला फीत शिवली. पिवळी.”

आणखी काही सांगावं लागलं नाही. समोर घडीवाले होते. पिवळी म्हटल्यावर तीस माथी हिशेब करून मोकळी झाली, तिने पस्तीस वर्षं केला नव्हता तो. चीफच्या मुली मात्र एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांना काही कळलं नव्हतं.

पण “बंद” कोणी म्हटलं नाही.

कोणी ताटाकडे बघत होतं, कोणी आपल्याच छातीवरची चिठ्ठी वाचत होतं. नोरीनला त्यांचा राग आला नाही. या प्रत्येकाला चीफने कधी ना कधी कोठडीतून सोडवून आणलं होतं, नाहीतर बायकोशी समेट करून दिला होता. तिने तरी निराळं काय केलं होतं? एक्क्याण्णव साली लॉनी एकदा इथे आला होता. हातात बायकोने केलेला अक्रोडाचा केक, अंगात इस्त्रीचा शर्ट. दारातच उभा राहिला. कोणी ‘ये’ म्हटलं नाही, कोणी ‘जा’ म्हटलं नाही. त्याने फक्त नोरीनकडे पाहिलं होतं, आणि ती पेल्यांत बर्फ घालत होती. शेवटी तो केक घेऊनच परत गेला. किती वेळ उभा होता, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने वर पाहिलंच नव्हतं.

हॉलिसने कागद उचलला आणि घसा साफ केला. “क्विन,” त्याने वाचलं. कोणीतरी उठलं, “बंद” झालं, बसलं. रोलिन्स. सटर. टेट. नोरीन उभी होती. पाचेक नावांनंतर तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मग काढून घेतला.

यादी संपली. खुर्च्या सरकल्या, सुटका झाल्यासारखी माणसं जेवणाच्या रांगेकडे गेली. चीफची खुर्ची त्याच्या मोठ्या मुलीने ढकलत आणली ती नेमकी नोरीनच्या शेजारून.

“बस आता, पोरी,” तो पुटपुटला. “झालं ना तुझं सांगून?”

“माझं झालं,” ती म्हणाली. “त्याचं व्हायचंय.”

खुर्ची पुढे गेली. रांगेत आधी कुजबुज होती, मग हळूहळू नेहमीचं बोलणं सुरू झालं. सॉस तिखट आहे, घेवडा गोड आहे, कोणाचा जावई कसा आहे. केक कापायला सुरी मिळेना. नोरीन उभीच होती, रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटी, हात बाजूला सरळ, पहिल्या दिवशी शिकवलं होतं तशी.

क्लीटस बॉइड ताट घेऊन परतला. मांस, घेवडा, वर पावाचे तीन तुकडे. स्वतःच्या टेबलाकडे निघाला होता, मध्येच थबकला, आणि येऊन नोरीनच्या समोरच्या खुर्चीवर बसला. त्याने वर पाहिलं नाही. मांडीवर रुमाल पसरला, दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना ठेवले.

मांसावरची चरबी गोठून पांढरी होत गेली. नोरीन उभी होती, आणि त्याने काट्याला हात लावला नाही.