गोबोची दहीसाखर

गोबोने दहीसाखर खाल्ली आहे हे मला नांबू लाइनच्या गाडीत कळलं, आणि तेव्हा तो पिशवीत लाळ गाळत पडला होता.

गोबो म्हणजे आमचा फेरेट. अंगकाठी मुंगसाची. इथे जपानच्या बाजारात गोबो नावाचं लांबडं तपकिरी कंदमूळ मिळतं, तसा दिसतो म्हणून माझ्या मुलीने, श्रावणीने, तेच नाव ठेवलं. महिन्यापूर्वी त्याच्या स्वादुपिंडात बारीक गाठी निघाल्या. या गाठी भलतंच इन्शुलिन सोडतात, रक्तातली साखर घसरते, आणि वेळीच सावरलं नाही तर जीव जातो. म्हणून दिवसातून दोनदा औषध, दर चार तासांनी मांसाची पातळ पेज, आणि गोड अजिबात नाही. गोड दिलं की गाठी चेकाळतात आणि साखर आधीपेक्षाही खाली जाते.

हे मी प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटांत समजावते. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, मी ते तीनदा समजावलं. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. म्हणाले, "कमी पडतंय ते घालायचं. साधी बेरीज आहे."

नवरा कोबेला बदलीवर. तो फोनवर सांगतो, "जरा शांतपणे घे." त्याला काय जातंय.

शेवटी मी फ्रिजवर मराठीत वेळापत्रक लावलं. 'साखर नाही' हे लाल शाईने. तरी विश्वास बसेना, म्हणून दुपारची पेज भरवायला मी रोज कावासाकी शहरातल्या शहरात ट्रेन बदलत घरी धावत होते. सिरिंज तोंडात धरली की गोबो लाथा झाडायचा, अर्धी पेज माझ्या बाहीवर. मग परत प्रयोगशाळेत, मासळीबाजारातून आल्यासारखी.

आज रक्ततपासणी होती. औषध लागू पडतंय की नाही ते तीन तास उपाशी ठेवून बघायचं होतं. श्रावणीला सुट्टी, म्हणून ती आली. अण्णांना घरी बसवेना म्हणून तेही आले.

आणि आता गोबोची मान लुळी पडली होती. डोळे उघडे, पण बघत नव्हता. "याला कुणी काय दिलं?" मी विचारलं. श्रावणीने आजोबांकडे पाहिलं.

"निघताना बोटभर दहीसाखर चाटवली," अण्णा म्हणाले. "तपासणीला निघालाय. तसंच कसं पाठवायचं?"

"अण्णा, लाल शाईने लिहिलंय."

"साखर नाही लिहिलंय. दहीसाखर म्हणजे का खाणं असतं? तो शकुन असतो."

पुढच्या स्टेशनात उतरलो. श्रावणी फलाटावरच्या कोंबिनीत, म्हणजे छोट्या दुकानात, पळाली आणि थंड कॉफीत घालायचा साखरेचा पाक घेऊन आली. कारण फेरेट कोसळलाच, तर तेवढ्यापुरतं हिरड्यांना गोड लावायचं आणि शुद्धीवर येताच मांस खायला घालायचं, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. बाकावर बसून मी थेंब थेंब पाक त्याच्या हिरड्यांवर चोळला. अण्णा वाकून बघत होते.

"मग मी काय वेगळं केलं?" ते म्हणाले.

इतक्या रास्त प्रश्नाचा इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. पाच मिनिटांनी गोबोने जीभ हलवली. मी पेजेची डबी आणि सिरिंज काढली, त्याने तोंड फिरवलं. अण्णांनी न विचारता माझ्या हातातली डबी घेतली, पेज बोटावर घेतली आणि त्याच्यापुढे धरली. तो चाटायला लागला. तीन बोटं, चार, सहा. एक लाथ नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मला आणखी राग आला.

दवाखान्यात सेकिगुची डॉक्टरांनी विचारलं की उपाशी होता ना. मी तोंड उघडण्याआधीच श्रावणी जपानीत म्हणाली, "मी गोड दिलं." अण्णांनी मला विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं. ते खुर्चीतून उठले, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि त्यांना येत असलेल्या चार जपानी शब्दांपैकी एक वापरला, "वाताशी." मी.

डॉक्टरांना गुन्हेगारात रस नव्हता. तपासणी पुढच्या आठवड्यात. त्यांनी एवढंच विचारलं की दिवसा घरी कोण असतं, आणि आज पेज कुणी भरवली. मग मला म्हणाले, "दुपारचं खाणं यांच्याकडे द्या. तुम्ही धावू नका." डॉक्टर काय म्हणाले ते मी अण्णांना भाषांतर करून सांगितलं. जड गेलं, पण सांगितलं.

परतीच्या गाडीत श्रावणी आमच्या दोघांच्या मध्ये बसली, पिशवी मांडीवर. अण्णांनी दुपारच्या वेळा पाठ करून दाखवल्या. मग विचारलं, "असं किती दिवस? बरा कधी होणार तो?"

तीनदा समजावताना मी गाठी सांगितल्या होत्या, इन्शुलिन सांगितलं होतं. हे कधी सांगितलं नव्हतं.

"बरा नाही होणार, अण्णा. सहा महिने, फार तर वर्ष. तोवर सांभाळायचं."

ते हळू म्हणाले, "वेळापत्रकात हे नव्हतं."

मी घाईघाईने श्रावणीकडे पाहिलं. तिलाही मी सांगितलेलं नव्हतं. ती पिशवीच्या जाळीतून गोबोच्या नाकाला बोट लावत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी शोधून वाचलं."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू चिडली असतीस."

पुढच्या पेजेची वेळ झाली होती; मी डबी अण्णांच्या हातात दिली.