कापसाच्या गाठींमागचा ‘हं’

दुपारी दोन वाजता करंट गेला. वांकिडी गावच्या जिनिंगमधली सरकी काढायची यंत्रे थांबली आणि कापसाच्या गोदामात बसलेली माणसे एकदम खूश झाली.

“गेला! गेला! लवकर बसा रे!”

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. तेव्हा मी नवा होतो. साल होते १९८६. गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या उत्तमरावांनी मला आणले आणि गोदामाच्या आढ्याला दोरीने टांगले. आमचा टेपरेकॉर्डर ट्रकच्या बॅटरीवर चाले. सगळी दुनिया करंट गेला की शिव्या देई. आम्ही मात्र तो जाण्याची वाट पाहत बसत असू. यंत्रे बंद पडल्याशिवाय गाणे टेपवर घेणार कसे?

आणि गोदामच का? कारण कापूस आवाज पिऊन टाकतो. तिथे टाळी वाजवली तर ती घुमत नाही, तिथल्या तिथे विरते. त्या खोलीत घेतलेले गाणे कानाजवळ कुणी हळूच म्हणावे तसे ऐकू येई. पुढे लोक विचारायचे, हा आवाज कोणत्या शहरात भरला?

त्या दिवशी जयंतीच्या कॅसेटसाठी एक गाणे घ्यायचे होते. मुलीला शाळेत नेणाऱ्या आईचे गाणे. गाणार होत्या भागीरथाबाई, पेटीवर नागोराव, ढोलकीवर चंपतभाऊ. मी एकटाच सगळ्यांचे ऐकणार. म्हणून जो जोरात, त्याने लांब बसायचे. चंपतभाऊंचा हात भारी.

“चंपतभाऊ, जरा माघं सरका,” उत्तमराव म्हणाले.

“सरकलो ना बापा.”

“अजून. बाईचा आवाज दबून राह्यला.”

“आता काय भिताडात घुसू?”

शेवटी त्यांना कापसाच्या गाठींच्या मागे बसवले. तिकडून ढोलकी छान येऊ लागली, पण गाणे बिघडले. बाई प्रत्येक कडव्याला उशिरा उचलू लागल्या. एकदा, दोनदा, पुन्हा. उत्तमराव चिडले.

“काऊन चुकून राह्यल्या बाई?”

“मले चंपतभाऊचं तोंड दिसत नाही. कडवं आलं का ते हनवटी वर करतात, मंग मी उचलते.”

“तोंड कायले पाहाचं त्यांचं?”

“इतकी वर्सं पाहूनच गाऊन राह्यली ना मी! नवऱ्याचं नसंल पाह्यलं इतकं.”

सगळे हसले. पण करंट कधीही येणार होता. आला की यंत्रे सुरू होणार आणि दिवस फुकट जाणार. तेवढ्यात गाठींमागून आवाज आला.

“बाई, मी ‘हं’ म्हनतो. ‘हं’ आला का उचला.”

“अन् तो टेपात आला तं?” उत्तमराव म्हणाले.

“येऊ द्या. करंटापेक्षा बरा.”

आणि तसेच झाले. प्रत्येक कडव्याआधी गाठींमागून एक जाड, मऊ ‘हं’ येई आणि बाई नेमक्या उचलत. ढोलकीची शेवटची थाप पडली आणि यंत्रे गरजली.

ती कॅसेट भीमपूरपासून बेज्जूरपर्यंत गावोगाव गेली. जीपमध्ये, लग्नात, जयंतीच्या मंडपात वाजली. पोरे तर कडव्यापेक्षा ‘हं’च जोरात म्हणत. कुणाचा असेल तो? कुणी म्हणे बाईच्या नवऱ्याचा, कुणी म्हणे मशिनीचा. कव्हरवर बाईंचा फोटो होता आणि खाली लिहिले होते, ‘आणि साथीदार’.

पुढे एका शहरात तेच गाणे नव्याने भरले. ढोलकी यंत्राची, ‘हं’ नाही. वांकिडीच्या मंडपात ते लावले, तेव्हा कडव्याआधीच्या मोकळ्या जागेत लोकांनीच ‘हं’ भरला.

मी मात्र तोवर पत्र्याच्या पेटीत गेलो होतो. माझ्या जाळीत कापसाचे तंतू, वर गंज. उत्तमरावांच्या दुकानात मोबाइलची कव्हरे लटकू लागली. मित्रांनो, जुन्या वस्तूला वर्षातून एकदा फडके मारावे, एवढेच माझे मागणे आहे. आणि एखादे गाणे आवडले तर गाठींमागे कोण बसले आहे, तेही विचारावे. माणूस असेपर्यंत विचारावे.

आज सकाळी मला पेटीतून काढले. २०१२ साल आहे. उत्तमरावांना त्या गाण्याची सीडी काढायची आहे, पण जुन्या टेपला बुरशी लागली आणि पहिला ‘हं’ खाल्ला गेला. म्हणून तेवढा ‘हं’ पुन्हा भरायला त्यांनी चंपतभाऊंना दुकानात बोलावले. ते थकलेत. शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी मनकर्णा त्यांना हात धरून घेऊन आली.

“काका, आधी कव्हरावर नाव,” ती म्हणाली. “मंगच बा ‘हं’ म्हनतील.”

“हाव बाई, तुह्यासमोरच टाकतो.”

उत्तमरावांनी कंप्युटरवर नाव लिहिले, ‘ढोलकी : चंपत’. चंपतभाऊ माझ्यासमोर बसले. जन्मात पहिल्यांदा अगदी समोर.

“आता तं माघं सरक म्हनत नाही ना?” त्यांनी विचारले.

मला अजून ऐकू येते का, हे मलाही ठाऊक नव्हते. त्यांनी हनवटी वर केली.

आणि करंट गेला. कंप्युटर काळा झाला. नाव साठवायचे राहिले होते.

दुपारचे दोन वाजले आहेत. चंपतभाऊ माझ्यासमोर बसून आहेत. करंट अजून आलेला नाही.