पाणी चालू असताना बघा

जरा खाली वाकलात, तरच ऐकू येईल. मी पाण्याचा मीटर बोलतोय. रत्नागिरीत एका गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला, फरशीच्या झाकणाखाली माझा मुक्काम. तबकडीवर आकडे आहेत आणि नखाएवढा एक लाल काटा. पाणी जरा सरकलं तरी तो फिरतो. एवढंच माझं शास्त्र, पण तेही या घराला झेपलं नाही.

१९८३ साली रावजींनी मला बसवलं. रावजी म्हणजे निवृत्त तलाठी, अकलेचा मक्ता त्यांच्याकडेच. माझ्यापुढे नारळ फोडला, काचेवर हळदकुंकू फासलं. आता आकडे दिसणार कसे, हा विचार कुणाला शिवला नाही.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात पाणी सकाळी तासभरच यायचं. रावजींचं पिंप अर्धंही भरेना, आणि माझे आकडे तर धावत होते. मग रावजींनी तपास केला. दुपारी जेवून, ढेकर देऊन आले, सगळे नळ बंद केले आणि माझ्यापुढे उकिडवे बसले. हळदकुंकवातून दिसला तेवढा काटा हलला नाही. पाइप ठणठणीत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. अहो, दुपारी पाइपात पाणीच नव्हतं. मी काय वारा मोजायचा?

पाइप ठणठणीत, म्हणजे पाणी कुणीतरी उधळतंय. मागच्या खोलीत गोदा भाड्याने राहायची, ब्लाउज शिवून पोट भरायची. रावजींनी तिच्या नळाला कुलूप घातलं, महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं आणि गल्लीभर तिची बदनामी केली. तरी पिंप भरेना. तेव्हा ती किल्ली चोरते, असं ठरलं.

याच दिवसांत रावजी गडग्याजवळचं अळू घरोघर वाटत होते. इतरांच्या अळवाने माना टाकलेल्या, यांचं सुपाएवढं. त्यांच्या हातालाच गुण आहे म्हणे.

गोदेने ते अळू नीट पाहिलं होतं. एका सकाळी पाणी आल्याबरोबर ती रावजींच्या बायकोकडे, दमयंतीकडे गेली आणि पाच मिनिटं सगळे नळ बंद करा म्हणाली. त्या तासात नळ बंद करणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. पण दमयंतीने हंडा बाजूला केला आणि नळ पिळला. गोदेने पदराने माझी काच पुसली. चार वर्षांत पहिल्यांदा. लाल काटा गरगरा फिरत होता.

"मीटर बिघडलाय," रावजी म्हणाले.

 दमयंतीने जाऊन अळवाचा एक गड्डा उपटला. खालच्या कुजक्या पाइपातून चिळकांडी उडाली ती रावजींच्या धोतरावर.

पाइप बदलला. रावजी मागच्या दारी जाऊन हळूच म्हणाले, "ऱ्हा हो तू इथेच."

"गल्लीत बोललात, तर गल्लीतच सांगा, काका. मग ऱ्हाते."

रावजी खाकरले आणि आत गेले. महिनाअखेर गोदा शिलाई मशीन घेऊन निघून गेली. मला फार वाईट वाटलं. या घरात मला वाचणारी ती एकटीच होती.

गळती आपणच शोधली, असं रावजी आता गल्लीत सांगतात, आणि गल्ली माना डोलावते. खोलीला नवा भाडेकरू बघतायत. जो कोणी येईल, त्याला माझी विनंती आहे. सकाळी पाणी चालू असताना सगळे नळ बंद कर आणि चारचौघांना बोलावून मला दाखव. सामानाच्या गाठी त्यानंतर सोड.