पितळी खलबत्त्यातली माती

आमचे हे, म्हणजे डॉक्टर बाळकृष्ण लिमये, चंडीगडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत शेतातली माती तपासायचे. एकामागून एक गहू आणि भात घेऊन जमिनीतलं जस्त संपत चाललंय का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. जस्त पिकाला चिमूटभरच लागतं, पण तेवढंही नसलं तर भात खुजा राहतो आणि पानं गंजल्यासारखी तांबूस होतात. हे सगळं मला जेवताना ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

माणूस भलताच काटेकोर. पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून तिला ते नमुन्यांच्या आसपास फिरकू द्यायचे नाहीत. शिपायाने एकदा चुकून आणली तर त्याची खरडपट्टी काढली होती. मात्र १९७४च्या उन्हाळ्यात माती कुटायचा लाकडी खल भंगला, नवा काही येईना, तेव्हा याच माणसाने माझा नाशिकचा पितळी खलबत्ता दोन दिवसांसाठी म्हणून उचलून नेला. विचारलंसुद्धा नाही. श्रावण आला तरी तो परत आला नव्हता, आणि मी लाटण्याने वेलदोडे कुटत होते. राग येणार नाही तर काय?

त्याच दिवसांत जवळच्या मुल्लानपूर गावचे शेतकरी सरदार गुरबचनसिंग भाताची चार रोपं घेऊन आमच्या घरी आले. सगळी खुजी, पानं तांबूस.

"डाक्टरजी, सारा खेत ऐसा हो गया."

ह्यांनी पान उजेडाकडे धरून पाहिलं. "आपकी मिट्टी मैंने इसी गर्मी में खुद जाँची है, सरदारजी. जस्त भरपूर है. यह कोई रोग लगता है. पड़ोस में फैले, उससे पहले खेत जोत दीजिए."

"खड़ी फसल?" उभं पीक नांगरायचं म्हटल्यावर सरदारजींनी पुन्हा विचारलं.

"हाँ जी."

सरदारजींनी चहा संपवला. "आप कहते हैं तो पक्का," म्हणाले, आणि गेले.

त्यानंतरच्या रविवारी माझा संयम संपला. मंगळागौरीला बायका येणार होत्या. ह्यांना स्कूटरवर घातलं आणि खलबत्ता आणायला थेट प्रयोगशाळेत गेले. तिथे कोणीच नव्हतं. हे बेसिनपाशी खल पुसायला लागले, मी दारात उभी राहून ताशेरे झाडत होते.

"अहो, नीट पुसा. त्यात मला दाणे कुटायचेत."

बघते तर हे खलात डोकावून उभे. आतून खल लख्ख झाला होता. वाळू-मातीने घासून घासून तळाशी नवं पितळ उघडं पडलं होतं.

"नीलिमा," हे म्हणाले, "पितळ म्हणजे तांबं आणि जस्त."

मला काही कळेना. ह्यांनी कपाटातून धुतलेल्या शुद्ध वाळूची बाटली काढली, वाळू खलात कुटली, काचेच्या भांड्यात कसलंसं पाणी घालून बराच वेळ हलवली, गाळली आणि यंत्राला लावली. त्या वाळूत जस्ताचा कण असायला नको होता. काटा सरकला आणि वरच थांबला.

बादली बाहेरची, म्हणून तिच्यावर ह्यांचा पहारा. खलबत्ता घरचा. त्याच्याकडे संशयाने बघायचं ह्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गावोगावच्या मातीत ह्यांना जे जस्त सापडलं होतं, ते माझ्या स्वयंपाकघरातलं होतं.

"सरदारजींचं शेत," मी म्हटलं.

"जस्ताचं औषध फवारलं तर अजून वाचेल. चल."

मुल्लानपूरपर्यंत स्कूटर कशी हाणली, देव जाणे. आम्ही बांधावर उतरलो. समोर भात नव्हता. नुसता चिखल होता, त्यात ट्रॅक्टरच्या चाकांचे चर, आणि मधेमधे वर आलेली मुळं. मी पदर तोंडाशी धरला. हे खाली बसून ती मुळं चाचपू लागले.

सरदारजी विहिरीकडून आले. हे उठले आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"तो रोग नहीं था?" सरदारजींनी विचारलं.

"नहीं."

"बच जाता?"

"हाँ. बच जाता."

आता सरदारजी शिव्या घालतील, अंगावर येतील, म्हणून मी ह्यांच्या जवळ सरकले. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीला हाक मारून आमच्यासाठी पाणी मागवलं, ह्यांच्या हातात पेला दिला आणि टोमणा म्हणून नव्हे, खरोखरच सल्ला हवा म्हणून विचारलं,

"अब इसमें क्या बोऊँ, डाक्टरजी? आप जो कहें."